टाकीची चाकी फिरत नाही तेव्हा

मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की अमेरिकेतल्या परसदारांतल्या ग्रिलवरची आच्छादनं निघू लागतात. हिवाळाभर कोपऱ्यात उभी असलेली प्रोपेनची टाकी पुढे ओढली जाते, वरची चाकी फिरवायला हात जातो आणि ती हलत नाही. किंवा हलते, पण बर्नरला गॅस येत नाही. किंवा गॅस येतो, पण इतका मिणमिणता की भरताचं वांगं अर्धा तास ठेवूनही त्याची साल काळी होत नाही. तिन्ही वेळी तक्रार एकच असते: व्हॉल्व्ह जाम झाला. मग पाना, पक्कड, हातोडी, तेलाचा फवारा, घरात जे सापडेल ते बाहेर येतं.

या प्रश्नावर सल्ले देणाऱ्यांची कमतरता नाही. ग्रिल बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं आहेत, अग्निशमन दलांच्या सूचना आहेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अनुभव आहेत. पण बहुतेक सल्ले एकाच प्रकारच्या अडचणीला धरून दिलेले असतात आणि ऐकणारा ते भलत्याच अडचणीला लावतो. ‘जाम झाला’ या एका तक्रारीखाली निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांतल्या निम्म्याअधिक गोष्टींत व्हॉल्व्ह बिघडलेलाच नसतो. त्याच्यातली किंवा नळीतली सुरक्षेची सोय तिचं नेमून दिलेलं काम करत असते, फक्त ती तसं सांगत नाही. आणि जिथे व्हॉल्व्ह खरोखर जाम झालेला असतो, तिथे तो घरी उघडायचाच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटायला टाकीच्या आत काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल.

ग्रिलची नेहमीची टाकी २० पौंडांची, म्हणजे साधारण ९ किलो गॅस मावणारी. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून नेहमीच्या हवेत तो द्रवरूपात ठेवायचा तर दाबाखालीच ठेवावा लागतो. २१ अंश तापमानाला टाकीतला दाब हवेच्या दाबाच्या आठपटींहून अधिक असतो, आणि ऊन वाढलं की तो भराभर चढतो. उलट बर्नरला जो दाब लागतो तो पाण्याच्या ११ इंची स्तंभाइतका, म्हणजे टाकीतल्या दाबाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका. या दोन टोकांच्या मध्ये पितळेचा एक मूठभर व्हॉल्व्ह आणि थाळीसारखा एक रेग्युलेटर, एवढंच असतं. द्रवरूप प्रोपेन बाहेर पडून त्याचा वायू झाला की तो सुमारे २७० पट जागा व्यापतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. तो जमिनीलगत पसरतो, तळघरात उतरतो, खड्ड्यात साठतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडं वर गेलं की एक ठिणगी पुरते.

भारतातून गेलेल्या माणसाला या टाकीची सवय नसते, आणि गोंधळाचा मोठा भाग इथूनच सुरू होतो. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला चाकी नसतेच. त्याचा व्हॉल्व्ह आपणहून बंद राहणारा: आतली पिन स्प्रिंगने वर दाबलेली असते, रेग्युलेटर बसवून त्याचा खटका फिरवला की ती खाली जाते आणि गॅस सुरू होतो. रेग्युलेटर नीट बसला की ‘टक’ असा आवाज येतो आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला कळतं की झालं. सिलिंडर घरात, ओट्याखाली. अमेरिकेतली टाकी मात्र घरात तर नाहीच, गॅरेजात किंवा तळघरातही ठेवायची नसते. ती कायम बाहेर, मोकळ्या हवेत आणि उभी. बऱ्याच शहरांत अपार्टमेंटच्या बाल्कनीत ही मोठी टाकी ठेवायलाही मनाई असते. नव्याने घर घेतलेली आपली मंडळी पहिल्या हिवाळ्यात ‘बर्फात कशाला’ म्हणून टाकी गॅरेजात आणून ठेवतात. ही सवय मोडायलाच हवी, व्हॉल्व्ह चांगला असो वा नसो.

आता थोडा इतिहास, कारण आजच्या टाकीचं वागणं त्याशिवाय कळत नाही. प्रोपेन हा पेट्रोलमधून उडून जाणारा एक वायू आहे हे वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९१० मध्ये शोधून काढलं. टाकीला नळी जोडायची जी जुनी पद्धत पुढे रूढ झाली तिला ‘पीओएल’ म्हणतात. हे नाव इंडियानापोलिसच्या प्रेस्ट-ओ-लाइट कंपनीवरून पडलं. मोटारींच्या दिव्यांसाठी ॲसिटिलीनच्या टाक्या पुरवणारी ही कंपनी. या जोडणीचे आटे उलटे होते, म्हणजे डावीकडे फिरवलं की घट्ट व्हायचं, आणि ती पान्यानेच आवळावी लागे. तिचा खरा दोष पुढचा: नळी जोडलेली असो वा नसो, चाकी फिरवली की गॅस भसाभसा बाहेर येई. जोडणी थोडी सैल राहिली, नळी उंदराने कुरतडली, मुलाने खेळता खेळता चाकी फिरवली, कशानेही अपघात होऊ शके.

म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यात नवी जोडणी आली. काळ्या प्लॅस्टिकचा मोठा नट, सरळ आटे, हाताने आवळायचा, पान्याची गरजच नाही. तिच्यात तीन सोयी एकत्र बसवलेल्या आहेत. नळीचं टोक नीट आत गेल्याशिवाय टाकीच्या व्हॉल्व्हचं तोंड उघडतच नाही. नट साधारण ११५ ते १५० अंश सेल्सियसच्या दरम्यान तापला की त्याचं प्लॅस्टिक मऊ होऊन ढिलं पडतं आणि व्हॉल्व्हमधली स्प्रिंग गॅस तोडते. आणि नळीच्या टोकात एक छोटा अडसर आहे, जो गॅस अचानक जोरात वाहू लागला की प्रवाह अगदी बारीक करून टाकतो. त्यानंतर टाकी जास्त भरली जाऊ नये म्हणून आत तरंगता गोळा आला. टाकी ८० टक्के भरली की गोळा वर येऊन तोंड बंद करतो. उरलेली २० टक्के जागा उन्हात द्रव फुगण्यासाठी ठेवायची असते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत ही अट १९९८ साली आली आणि १ एप्रिल २००२ पासून असा गोळा नसलेल्या घरगुती टाक्या भरून देणं बंद झालं. तिकोनी चाकी दिसली की आत गोळा आहे असं समजायचं.

या सगळ्या सोयी चांगल्याच आहेत. पण त्यांतली प्रत्येक सोय काम करते तेव्हा वापरणाऱ्याला एकच गोष्ट दिसते: गॅस येत नाही. ना आवाज, ना खूण, ना रंग. म्हणून तो टाकीला दोष देतो.

सर्वांत आधी टाकी रिकामी आहे का ते पाहावं. हे इतकं साधं आहे की बहुतेक जण सोडून देतात. टाकीच्या वरच्या कड्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. बाथरूममधल्या वजनकाट्यावर टाकी ठेवली आणि त्यातून हा आकडा वजा केला की उरलेला गॅस कळतो. शिवाय दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून आणलेल्या टाकीत पुष्कळदा २० नव्हे, १५ पौंडच गॅस भरलेला असतो, त्यामुळे ‘इतक्यात कसा संपेल’ हा अंदाज चुकतो.

दुसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. चाकी नीट फिरते, बर्नर पेटतात, पण ज्योत खुजी राहते आणि झाकणावरचा काटा १२०-१५० अंशांपलीकडे जात नाही. हे नळीच्या टोकातल्या त्या छोट्या अडसराचं काम. बर्नरचे नॉब उघडे असताना टाकी उघडली, किंवा चाकी एका झटक्यात पूर्ण फिरवली, की रिकाम्या नळीत गॅस धावतो. अडसराला वाटतं नळी फुटली, आणि तो प्रवाह आवळतो. उपाय अगदी साधा आहे. नॉब बंद करा, टाकी बंद करा, नट सोडवून नळी टाकीपासून वेगळी करा. झाकण उघडं ठेवून मिनिटभर नॉब उघडे सोडा म्हणजे नळीतला दाब उतरेल. मग नॉब बंद करून नळी पुन्हा जोडा, चाकी अगदी सावकाश उघडा, थोडं थांबा आणि झाकण उघडंच ठेवून एक बर्नर पेटवा. ज्योत परत पूर्वीसारखी येते.

लोकांचा गैरसमज पक्का होतो तो नेमका इथेच. हा अडसर टाकीत नसतो, ग्रिलच्या नळीच्या टोकाला असतो. पण ज्योत खुजी दिसली की माणूस टाकी बदलून आणतो. ती बदलताना नळी निघते, दाब उतरतो, अडसर मोकळा होतो आणि ग्रिल चालू लागतं. मग तो दहा जणांना सांगतो की टाकीचाच व्हॉल्व्ह खराब होता. अर्धी भरलेली चांगली टाकी परत गेली, पैसे गेले, आणि पुढच्या वेळी चाकी झटक्यात उघडण्याची सवय तशीच राहिली.

तिसरा प्रकारही असाच. टाकी बंद पडली आहे का ते पाहायला काही जण नळी काढतात आणि चाकी फिरवून फुस्स आवाज येतो का ते ऐकतात. आवाज येत नाही, म्हणून व्हॉल्व्ह तुंबला असा निष्कर्ष निघतो. पण वर सांगितलं तसं, नळीचं टोक आत गेल्याशिवाय या व्हॉल्व्हने गॅस सोडायचाच नसतो. तो गप्प राहिला याचा अर्थ तो नीट आहे. या चाचणीवरून काही जण तोंडात खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर घालून आतली झडप दाबून पाहतात. हे कधीही करू नये. आतली झडप वाकडी झाली तर टाकीवरचं एक संरक्षण कायमचं गेलं.

काळा नट हाताने सुटत नाही ही तक्रारही ‘व्हॉल्व्ह जाम’ या नावानेच येते. बहुतेक वेळा कुणीतरी तो पक्कडीने आवळलेला असतो, नाहीतर आट्यांत वाळू-माती गेलेली असते, नाहीतर सोडवणारा उलटीकडे फिरवत असतो. जुनी उलट्या आट्यांची टाकी आयुष्यभर वापरलेल्या माणसाचा हात सवयीने चुकीच्या दिशेला जातोच. टाकीची चाकी बंद आहे याची खात्री करून, कोरडा रबरी हातमोजा घालून, टाकीकडे तोंड करून नट घड्याळाच्या उलट दिशेला फिरवावा. नटाचं प्लॅस्टिक चेपलेलं, वितळल्यासारखं किंवा चीर गेलेलं दिसलं तर नळी आणि रेग्युलेटर दोन्ही बदलावेत. तो नट एकदा तापून ढिला झाला की त्याचं काम संपलं.

आता खऱ्या जाम व्हॉल्व्हकडे येऊ. चाकी बंद करायला फिरवली की तिच्याखालचा दांडा खाली जातो आणि टोकाची मऊ चकती पितळी बैठकीवर दाबली जाते. गॅस अडवण्याचं काम त्या मऊ चकतीचं. त्यासाठी हाताच्या हलक्या जोरापलीकडे काही लागत नाही. पण शेवटच्या वापरानंतर ‘गळायला नको’ म्हणून लोक चाकी दात-ओठ खाऊन आवळतात. चकती बैठकीत रुतते, महिनोन्महिने तशीच राहते आणि चिकटते. समुद्राजवळ, फ्लोरिडाच्या किंवा टेक्सासच्या किनाऱ्यावर, खारी हवा दांड्यावर आणि चाकीच्या स्क्रूवर गंज चढवते. थंड प्रदेशात पाऊस चाकीखाली साठून गोठतो. आणखी एक रूप असं की चाकी गरागरा फिरते पण काही उघडत नाही, कारण तिचं चौकोनी भोक झिजलेलं असतं आणि खालचा दांडा जागचा हललेलाच नसतो.

हाताने करण्यासारखं जे आहे ते एवढंच. टाकी बाहेर, सावलीत, उभी. ग्रिलचे नॉब बंद. चाकीवरचे बाण नीट वाचा. उघडायची दिशा घड्याळाच्या उलट. एका हाताने टाकीचं कडं घट्ट धरा, दुसऱ्या हाताने चाकी आधी बंद करायच्या बाजूला किंचित हलवा आणि मग उघडायच्या बाजूला. बर्फ धरला असेल तर कोमट पाणी ओतून तो सुटू द्या; उकळतं पाणी नको, हेअर ड्रायर नको, आणि ज्योत तर अजिबात नको. तेलाचा फवाराही नको. त्याने हात घसरतो, तो स्वतः ज्वलनशील असतो आणि रबरी सील त्याने बिघडू शकतं. दोन-तीनदा प्रयत्न करूनही चाकी हलली नाही तर थांबायचं.

पाना का नको, हे मला सर्वांत नीट कळलं ते न्यू जर्सीतल्या एका मित्राच्या वडिलांमुळे. मुक्कामाला आलेले, सांगलीत पंपदुरुस्तीत आयुष्य घालवलेले. मुलगा पक्कड घेऊन टाकीवर बसायच्या बेतात होता. त्यांनी ती हातातून काढून घेतली, नातवंडांचा खडू मागवला आणि व्हॉल्व्हच्या पितळी अंगावरून टाकीच्या मानेपर्यंत एक उभी रेघ मारली. मग म्हणाले, “आता फिरव हाताने. ही रेघ मोडली की लगेच सोड.” मुलाने जोर लावला, चाकी हलली नाही, रेघ जागच्या जागी राहिली. “बाबा, थोडा पाना लावला तर निघेल.” “निघेल रे, पण काय निघेल ते बघ. चाकी उघडायची दिशा आणि अख्खा व्हॉल्व्ह टाकीतून सुटायची दिशा एकच आहे.”

त्यांनी बोट ठेवलं ती गोष्ट मला आजवर एकाही माहितीपत्रकात इतकी स्पष्ट वाचायला मिळालेली नाही. व्हॉल्व्ह टाकीच्या मानेत सरळ आट्यांनी बसवलेला असतो. चाकीला पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेला जोर दिला आणि दांडा हलला नाही, तर तो सगळा जोर व्हॉल्व्हच्या अंगावर जातो. एक तर चाकी तुटते, नाहीतर दांडा पिळून मोडतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे अख्खा व्हॉल्व्ह मानेतून सैल होतो. खाली आठ-नऊ पट दाबाचा द्रव असताना हे झालं तर पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही. हातोडीने ठोकण्याचंही तेच. तरंगता गोळा अडकलाय म्हणून टाकी आपटणारे लोक आहेत. गोळा सुटेल की नाही माहीत नाही, मानेचे आटे मात्र हादरे खातात.

याच्या उलट अडचण, म्हणजे चाकी उघडी अडकली आणि बंद होत नाही, ही जास्त घाईची. गळती नसेल तर ग्रिलचे नॉब बंद करून टाकी आहे तशी बाहेर राहू द्या, सगळ्यांना दूर ठेवा आणि गॅस पुरवठादाराला किंवा अग्निशमन दलाला बोलवा. वास येत असेल किंवा आवाज ऐकू येत असेल तर तिथे थांबून काही करायचं नाही. दूर जाऊन ९११ ला फोन करायचा. फोनसुद्धा टाकीजवळ उभं राहून नाही. जोडणीला आग लागली आणि टाकी बंद करता येत नसेल तर ती ज्योत विझवायला जाऊ नये. जळणारा गॅस निदान दिसतो. ज्योत विझली आणि गॅस वाहत राहिला तर तो जमिनीलगत पसरून कुठेतरी दुसरीकडेच भडकतो. अग्निशमनाचे जवान अशा वेळी ज्योत न विझवता आधी टाकीवर पाणी मारून तिला थंड ठेवतात, ते याचसाठी.

उन्हात टाकीतून अचानक सुस्कारा ऐकू आला तर तो बहुधा दाब सोडणाऱ्या झडपेचा. सुमारे ३७५ पौंड प्रति चौरस इंच दाबाला ती उघडते आणि दाब उतरला की बंद होते. त्या झडपेच्या समोर उभं राहू नये, जवळपासचा प्रत्येक विस्तव विझवावा आणि टाकी थंड होऊ द्यावी. असं पुन्हा झालं तर टाकी जास्त भरली गेली असण्याची शक्यता आहे.

गळतीची शंका असेल तर साबणाच्या पाण्याची चाचणी अजूनही सर्वांत चांगली. भांडी घासायचा साबण आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन नटावर, चाकीच्या खालच्या दांड्याभोवती, टाकीच्या मानेवर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावावं. नॉब बंद ठेवून टाकी उघडावी. बुडबुडे वाढत गेले तर गळती आहे. दांड्याभोवती बुडबुडे आले तर तो टाकीचा दोष, नटापाशी आले तर जोडणीचा. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम मिसळलेल्या एथिल मर्कॅप्टनचा तो वास. सर्दी झालेल्या माणसाने नाकावर भरवसा ठेवू नये, साबणावर ठेवावा.

कधी कधी सगळं नीट असतं आणि तरीही एखादाच बर्नर पेटत नाही. तेव्हा टाकी सोडून बर्नरच्या नळ्या तपासाव्यात. कोळी तिथे जाळं विणतात, आणि मग गॅस पुढे न जाता मागे तुंबून नॉबपाशी पेटू शकतो. हंगामाच्या सुरुवातीला लांब ब्रशने या नळ्या साफ करणं हा बहुतेक ग्रिल कंपन्यांचा सल्ला आहे आणि तो पाळण्यासारखा आहे.

इतर देशांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ब्रिटनमध्ये लाल प्रोपेनच्या टाकीला अजून उलट्या आट्यांची, पान्याने आवळायची जोडणी आहे. बागेतल्या ग्रिलसाठीच्या हिरव्या टाकीला मात्र आपल्यासारखा दाबून बसणारा रेग्युलेटर. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाला ही दुसरी टाकी ओळखीची वाटते. ऑस्ट्रेलियात जुनी उलटी जोडणी मागे टाकून २०२१ पासून नवी सरळ, हाताने आवळायची जोडणी येऊ लागली. नळी नसताना गॅस न सोडणं आणि तापल्यावर गॅस तोडणं या सोयी तिच्यातही आहेत. तिकडच्या घरांत काही काळ जुन्या-नव्या दोन्ही टाक्या राहणार, म्हणून टाकी घेताना तोंड पाहूनच घ्यावी. कॅनडात टाकीची तपासणी दहा वर्षांनी करावी लागते, अमेरिकेत पहिली तपासणी बारा वर्षांनी. तारीख कड्यावरच महिना-वर्ष अशी कोरलेली असते. टाकीची मुदत उलटली म्हणून गॅस भरून देणारा माणूस नकार देतो तेव्हाही ‘व्हॉल्व्ह गॅस घेत नाही’ अशीच बातमी घरी येते.

आपल्याकडच्या सिलिंडरवरही तपासणीची खूण असते, पण ती इंग्रजी अक्षराने: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशी वर्षाची चार तिमाही अक्षरं आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. घेताना ती पाहणारी घरं मला फार कमी दिसतात. आपल्याकडे जाम होण्याचं नेहमीचं रूप म्हणजे रेग्युलेटर बसत नाही किंवा काढल्यावर पिन वर येत नाही आणि फुसफुस चालू राहते. आतली रबरी रिंग झिजलेली किंवा सरकलेली असते. दोऱ्याने बांधलेली टोपी लगेच दाबून बसवायची, खिडक्या-दारं उघडायची, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही आणि १९०६ ला फोन करायचा. पिन स्क्रूड्रायव्हरने हलवून पाहणं हा अमेरिकेतल्या खिळा घालण्याचाच प्रकार आहे, फक्त इथे तो बंद स्वयंपाकघरात होतो.

टाकी आणि ग्रिल बनवणाऱ्यांकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. नळीतल्या अडसराने प्रवाह आवळला की तो डोळ्यांना दिसावा, नटाजवळच्या छोट्या खिडकीत रंग बदलावा. आणि ‘सावकाश उघडा, हाताने आवळा, पाना लावू नका’ हे तीन शब्दसमूह चाकीच्या शेजारी कोरलेले असावेत, दोन हंगामांत उन्हाने उडणाऱ्या कागदी पट्टीवर नव्हे. टाकी वर्षानुवर्षं हातोहाती फिरते. माहितीपत्रक पहिल्या मालकाच्या ड्रॉवरमध्येच राहतं.

राहता राहिली ती न उघडणारी टाकी. ती कचऱ्यात टाकायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही, भोक पाडून रिकामी करायची नाही. गळत नसेल तर टाक्या बदलून देणारी बरीच दुकानं ती घेतात. देताना ‘चाकी फिरत नाही’ हे तोंडाने सांगावं, म्हणजे ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे न जाता दुरुस्तीला जाईल. गाडीतून नेताना ती उभी, बांधलेली आणि खिडक्या उघड्या. गळत असेल तर हलवायचीच नाही. गॅस पुरवठादाराला किंवा अग्निशमन दलाला बोलवायचं. पुरवठादाराकडे आतला गॅस सुरक्षितपणे जाळून टाकण्याची सोय असते, आणि रिकाम्या टाकीला नवा व्हॉल्व्ह बसवून तिची चाचणी करण्याचं कामही प्रशिक्षित माणसाचं असतं. कुणीच घेत नसेल तर गावच्या नगरपालिकेकडे घरगुती घातक कचरा गोळा करायचे दिवस ठरलेले असतात; प्रोपेनच्या टाक्या घेतात का ते आधी फोनवर विचारावं आणि त्या दिवसापर्यंत टाकी घराच्या भिंतीपासून, खिडक्यांपासून आणि तळघराच्या झरोक्यापासून दूर, उघड्यावर उभी ठेवावी.